दोनशेच्या रेघेची कुळकथा

नाशिकच्या सिव्हिलमध्ये एचआयव्हीवरची औषधं (एआरटी) देणाऱ्या केंद्राच्या रांगेत 'काउंट किती आला?' हा प्रश्न तब्येतीच्या चौकशीसारखा विचारला जातो. २००च्या वर असला की जीव भांड्यात पडतो. आता औषध सुरू करायला काउंटची अट उरलेली नाही, तरी त्या आकड्याचा दरारा गेलेला नाही.

रेघ आखली गेली ती एका न्यूमोनियासाठी. काउंट म्हणजे रक्तातल्या सीडी-४ या टी-पेशींची संख्या. त्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं १९७९च्या सुमारास हाती आली. त्यानंतरच काउंट मोजणं जमू लागलं. तो २००च्या खाली गेला की न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया गाठतो असं दिसलं, म्हणून १९८९ साली अमेरिकेत तिथून सेप्ट्रान हे प्रतिबंधक औषध सुरू करायचं ठरलं. १९९३मध्ये तिथं त्याच आकड्याला एड्सची व्याख्या चिकटली. १ एप्रिल २००४ला आपल्याकडे मोफत एआरटी आली, तीही हीच रेघ घेऊन.

लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगाला मात्र ही रेघ कधीच लागू नव्हती. त्याचं कूळ वेगळं. मूत्रपिंड बसवलेल्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या रुग्णांत तो वाढतो, हे डेन्व्हरच्या पेन आणि स्टार्झल यांनी १९६९मध्येच मांडलं होतं. एपस्टाइन-बार विषाणू बहुतेकांच्या बी-पेशींत लहानपणापासून दडून असतो आणि टी-पेशी त्याच्यावर पहारा देतात. औषधांनी किंवा एचआयव्हीनं हा पहारा ढिला पडला की त्या बी-पेशी बेसुमार वाढू शकतात. मेंदूतला लिम्फोमा सहसा काउंट ५०च्या खाली गेल्यावर येतो. बर्किट आणि हॉजकिन हे लिम्फोमाचे प्रकार मात्र २००च्या वरही गाठतात. आकडा बरा म्हणून निर्धास्त राहणं, हा मला या रेघेचा सर्वांत मोठा तोटा वाटतो.

२०१५च्या 'स्टार्ट' चाचणीत काउंट ५००च्या वर असलेल्यांनाही लगेच औषध दिलं, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू मिळून निम्म्याहून कमी झाले, कर्करोगही घटले. २०१७पासून भारतात निदान होताच गोळ्या मिळतात.

तरी मानेत गाठ आली की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो. त्यात चूक नाही, बहुतेकदा तो असतोही. पण टीबीच्या गोळ्या नियमित घेऊनही गाठ वाढतच असेल, रात्री घाम, ताप आणि वजनाची घट थांबत नसेल, तर सुईच्या नमुन्यावर भागत नाही. त्यात लिम्फोमा निसटू शकतो. अख्खी गाठ काढून बायोप्सीला पाठवावी लागते, काउंट कितीही असो.