श्या राजवंश : आधी पुरावा की आधी निकाल?

चीनमध्ये मुलांना शिकवले जाते : आपला पहिला राजवंश श्या, स्थापना इ.स.पू. २०७०. इतके नेमके साल! आम्हाला प्रश्न पडतो तो हा की, हे सांगतो कोण आणि केव्हापासून?

श्या राजांची सलग हकीकत सीमा छ्यान या इतिहासकाराच्या ग्रंथात मिळते. तो ग्रंथ इ.स.पू. १०० च्या आसपासचा, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ दोन हजार वर्षांनी लिहिलेला. महापूर आवरणारा यू हा पहिला राजा. जुलमी ज्ये हा शेवटचा, त्याला शांग घराण्याच्या तांगने उलथवले, अशी कथा. आता शांगांचे स्वतःचे लेख पाहा. आन्यांगला हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेले हजारो लेख निघाले. त्यांत पाऊस आहे, शिकार आहे, लढाया आहेत, राजाची दातदुखीसुद्धा आहे. पण ज्यांना पाडून आपण गादीवर बसलो, त्या श्यांचा निर्विवाद उल्लेख एकही नाही.

मग श्यांबद्दल बोलतो कोण? झोऊ. त्यांनी इ.स.पू. १०४६ च्या सुमारास शांगांचा पाडाव केला. त्यांच्या नावावरच्या जुन्या भाषणांत ते हरलेल्या शांगांना ऐकवतात : तुमच्या पूर्वजांनी श्यांना हटवले तो स्वर्गाचा आदेश होता, आज आम्ही तुम्हाला हटवले तोही स्वर्गाचाच आदेश. किती सोयीचे! श्यांची कथा झोऊंनीच रचली असे आम्ही म्हणत नाही, जुनी आठवण त्यांनी वापरली असेल. पण कशासाठी वापरली ते लपत नाही.

१९२३ साली गू ज्येगांग या तरुण अभ्यासकाने लिहिले की यू हा मुळात माणूसच नव्हे, दैवत होते. काळ जितका अलीकडचा, तितका कथेतला भूतकाळ मागे ताणला जातो. १९२९ मध्ये सरकारने त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. प्रश्न पुराणकाळाचा, पण राग वर्तमानातल्या सत्तेला आला.

तरीही श्या म्हणजे निव्वळ थाप, असे म्हणून मोकळे होणे हाही आळसच. शांगांवरही संशय होताच. १९१७ मध्ये वांग ग्वोवेई यांनी हाडांवरची नावे ताडून पाहिली, तेव्हा सीमा छ्यानची शांग राजांची यादी बरीचशी खरी निघाली. पुढे १९५९ मध्ये हेनान प्रांतात लोयांगजवळ अर्लीतोउ सापडले : सुमारे ३०० हेक्टरचे नगर, महालांचे चौथरे, आखीव रस्ते, कांस्याची भांडी, पिरोज्याच्या दोन हजारांवर तुकड्यांचा ड्रॅगन. काळ साधारण इ.स.पू. १७५० ते १५३०. म्हणजे २०७० हे साल या नगरातून निघत नाही. ते सरकारने १९९६ मध्ये सुरू केलेल्या कालगणना प्रकल्पाने २००० साली जाहीर केले. अर्लीतोउत राजाचे नाव सांगणारा लेख एकही नाही. तिथल्या उत्खननाचे वीस वर्षे नेतृत्व करणारे श्यू होंगच म्हणतात की, असा लेख मिळेपर्यंत याला श्या म्हणता येत नाही. २०१९ मध्ये मात्र तिथे संग्रहालय उघडले, नाव ‘श्या राजधानी’!

मित्रांनो, राजवंशाचे नाव बाजूला ठेवूनही ही जमीन वाचता येते. महालांच्या दक्षिणेला कांस्य ओतणाऱ्यांच्या कार्यशाळा होत्या, त्याही भिंतीने वेढलेल्या. काहींना कांस्याच्या आणि जेडच्या वस्तूंसह पुरले, तर काहींची हाडे कचऱ्याच्या खड्ड्यांत मिळाली. ही माणसे कोण होती, हे सीमा छ्यानने लिहिलेले नाही.