मोटारींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळें, घाट आणि वाडे यांच्यापुरताच राखून ठेवला आहे. तथापि इटलींतील जुन्या शर्यतीच्या मोटारींचा जो जीर्णोद्धार आज युरोप-अमेरिकेंत चालतो, तो पाहतां इतिहासाच्या अभ्यासकास नित्य छळणारा प्रश्नच तेथें उभा असलेला दिसतो : जुनी वस्तु पूर्ववत् करणें म्हणजे नेमकें काय करणें ?

या मोटारींची घडण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. एंजिन एका कारखान्यांत तयार होई, तर वरचें अंग बहुधा निराळे कारागीर घडवीत. मिलान शहरांत १९२६ सालीं निघालेल्या 'तूरिंग' पेढीनें पोलादाच्या बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढविण्याची रीत प्रचारांत आणली. तिचें नांव 'सुपरलेज्जेरा', म्हणजे अतिशय हलकी. मोदेना येथें सर्जिओ स्काल्येत्ती याच्या कारखान्यांत फेरारी मोटारींचे पत्रे हातोडीनें ठोकून, बव्हंशी नजरेच्या अंदाजानें, आकारास येत. अशा कामांत डावी बाजू उजवीशीं तंतोतंत जुळत नसे. मोटारीवर नांव लागे तें मालकाचें. पत्रा ठोकणाऱ्याची सही म्हणजे त्याच्या हातोडीची खूणच होय.

या मोटारींची कसोटी सार्वजनिक रस्त्यांवर लागे. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत येणारी सुमारें १६०० किलोमीटरांची 'मिल्ले मिल्या' शर्यत १९२७ सालीं सुरू झाली. १९५७ सालीं ग्विदित्सोलो गांवाजवळ एका फेरारीचा टायर फुटून मोटारींतील दोघे आणि पांच मुलांसह नऊ प्रेक्षक मृत्यु पावले. त्याबरोबरच त्या वेगाच्या शर्यतीचा शेवट झाला. शर्यतीची मोटार थोड्याच हंगामांत मागें पडे. मग कोणी ती स्वस्तांत घेई, रंग बदली, दुसरें एंजिनहि बसवी. पुढें काळ पालटला. १९६२ ते १९६४ या काळांत अवघ्या ३६ निघालेल्या 'फेरारी २५० जीटीओ' पैकीं एक २०१८ सालीं लिलांवांत ४ कोटि ८४ लक्ष डॉलरांस गेली.

किंमत वाढली तशी हौसहि बदलली. मोटार नव्या नवरीसारखी दिसावी म्हणून दोन्ही बाजू सारख्या करण्यांत येऊं लागल्या, आणि मूळ कारखान्यांत कधींहि नव्हती अशी चकाकी रंगास आली. डोळ्यांस सुख झालें खरें, परंतु कारागिराची सही पुसली गेली.

यावरून कांहींच करूं नये असें मात्र ठरत नाहीं. मोटार ही मूर्ति नव्हे. ती धांवली पाहिजे. १९७७ पासून 'मिल्ले मिल्या' याच नांवानें जुन्या मोटारींची फेरी निघत आली आहे, आणि तींत झिजलेला ब्रेक केवळ मूळचा म्हणून ठेवणें हा आत्मघात होय. शिवाय पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यांत एकमेकांस भिडलीं म्हणजे ॲल्युमिनियम झिजूं लागतें. म्हणून कित्येकदां पत्रा उतरविल्यावांचून गत्यंतरच नसतें.

या पेचाचा विचार इटलींतच फार पूर्वीं झाला आहे. कामिल्लो बोइतो यानें १८८३ सालीं इमारतींच्या दुरुस्तींत नवें काम जुन्याहून वेगळें ओळखूं यावें असा आग्रह धरला. १९६४ च्या व्हेनिस सनदेंत तोच विचार पुढें आला, आणि ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें तयार केलेल्या तुरिन सनदेंत तो मोटारींस लागू झाला. तिच्या शीर्षकांतच जतन व जीर्णोद्धार यांबरोबर वापराचाहि उल्लेख आहे, हें विशेष.

आमच्या मतें मार्ग यांतच आहे. जिवास धोका असेल तो भाग निःसंकोच बदलावा, त्याची नोंद ठेवावी आणि काढलेला भाग जपून ठेवावा. परंतु वांकडें तें सरळ करण्यापूर्वीं तें कोणाच्या हातचें आहे, हें विचारावें. एकदां कानशीनें घासलेली खूण कितीहि द्रव्य वेंचलें तरी परत येत नाहीं.