नाहूर

मुंबई उपनगर जिल्ह्यातील एक प्राचीन गाव व सांप्रतचे उपनगर. साष्टी बेटाच्या पूर्व भागात, मध्य रेल्वेच्या भांडुप व मुलुंड या स्थानकांदरम्यान ते वसले आहे. पश्चिमेस विहार-तुळशीकडील डोंगररांगा आणि पूर्वेस मिठागरे, खारफुटी व ठाण्याची खाडी यांमधील चिंचोळ्या सखल पट्टीत त्याचा विस्तार आहे.

शिलाहार राजा छित्तराज याच्या शके ९४८ (इ. स. १०२६) मधील भांडुप ताम्रपटात श्रीस्थानकाच्या (ठाणे) षट्षष्टी विषयातील नोउर गावची शेतजमीन एका ब्राह्मणास दान दिल्याचा उल्लेख आहे. हे नोउर म्हणजेच आजचे नाहूर, असे अभ्यासक मानतात. जमिनीच्या चतुःसीमेत राजपथाचा निर्देश असल्याने, ठाण्याकडे जाणारा हमरस्ता त्या काळीही याच बाजूने जात असावा. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश. त्यावरूनच साष्टी हे नाव रूढ झाले.

पुढे साष्टीवर पोर्तुगीज (१५३४), मराठे (१७३७) व इंग्रज (१७७४) यांची सत्ता आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग या पट्टीतून गेला. मात्र नाहूरला स्थानक मिळण्यास २००३ साल उजाडले. १९५० व १९५७ च्या सीमाविस्तारांनी मुलुंडपर्यंतची गावे बृहन्मुंबईत समाविष्ट झाली.

या पट्टीतील मूळ वस्ती प्रामुख्याने आगरी, कोळी, कुणबी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची. भातशेती, मासेमारी व मीठ उत्पादन हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. स्वातंत्र्योत्तर काळात लालबहादूर शास्त्री मार्गालगत कारखाने वाढले व कोकण, घाटमाथा आणि परप्रांतांतून कामगार आले. पुढे अनेक कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली. शेती लोपली आणि जुने रहिवासी आपल्याच गावी अल्पसंख्य झाले.

जिल्ह्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ (२०११) होती. महानगरातील जनगणना गावनिहाय न होता प्रभागनिहाय होत असल्याने नाहूरची संख्या भांडुप-मुलुंडच्या आकड्यांत मिसळून जाते. एका शेताच्या सीमाही ताम्रपटावर कोरून ठेवणाऱ्या या गावाची सीमा आज नकाशावर स्पष्ट दाखविणे कठीण झाले आहे. गावठाणातील जुनी घरे व रेल्वे स्थानकाचे नाव यांतून त्याची ओळख टिकून आहे.