ब्रुज : गाळाने राखलेले शहर

युरोपात नोकरी वा शिक्षणानिमित्त राहणाऱ्या भारतीयांच्या शनिवार-रविवारच्या सहलींत बेल्जियममधील ब्रुज या शहराचे नाव हमखास असते. ब्रुसेल्सहून रेल्वेने साधारण तासाभरात येथे पोहोचता येते. नेदरलँड्स, जर्मनी यांसारख्या शेंगेन देशाचा निवास परवाना जवळ असेल, तर वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकास मात्र तो आधी काढावा लागतो. शहर आटोपशीर असल्याने दोन दिवसांत पायी पाहून होते. तथापि, मध्ययुगीन रूप जपलेले हे शहर असे टिकले कसे, हे समजून घेतल्यास त्या दोन दिवसांचे चीज होते.

ब्रुज समुद्रापासून सुमारे १५ किलोमीटर आत आहे. ११३४ मधील प्रचंड वादळाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी तयार केली आणि या गावाला समुद्राची वाट मिळाली. इंग्लंडची लोकर, फ्लँडर्सचे कापड, इटलीच्या व्यापाऱ्यांनी आणलेले मसाले व रेशीम यांची येथे देवघेव होऊ लागली. व्हान डेर ब्यूर्झ या कुटुंबाच्या सराईसमोर व्यापारी जमत; शेअर बाजारासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला ‘बोर्स’ हा शब्द याच नावावरून आला, असे मानले जाते.

पंधराव्या शतकात खाडी गाळाने भरत गेली. त्यातच राजकीय संघर्षाची भर पडली. १४८८ मध्ये नागरिकांनी हॅब्सबर्ग घराण्याच्या मॅक्सिमिलियनला काही महिने शहरात कैद करून ठेवले. त्याचा रोष ओढवलेल्या ब्रुजमधून परदेशी व्यापारी अँटवर्पकडे वळले. आज भारतीय हिरे व्यापाऱ्यांमुळे आपल्याला परिचित असलेल्या अँटवर्पची भरभराट ब्रुजच्या पडत्या काळात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रुज बेल्जियममधील अतिशय दरिद्री शहरांपैकी एक होते. कारखानदारी येथे फारशी आली नाही; जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाही नव्हता. शहर टिकले ते या गरिबीमुळे. १८९२ मध्ये जॉर्ज रोडनबाख यांच्या कादंबरीने ‘मृत ब्रुज’ ही प्रतिमा साहित्यात रुजवली आणि त्या उदासीचेच लोकांना आकर्षण वाटू लागले. पुढे १९०७ मध्ये झेब्रुग हे नवे बंदर खुले झाले. २००० मध्ये युनेस्कोने जुन्या शहराचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

मुख्य चौकातील ८३ मीटर उंचीचा घंटामनोरा ही शहराची ओळख आहे. ३६६ पायऱ्या चढून गेल्यावर लाल कौलांचा विस्तार नजरेत येतो. याच चौकातील प्रांतिक शासनाची भव्य इमारत मध्ययुगीन भासली तरी तिचे बांधकाम १८८७ नंतरचे आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक इमारतींना गॉथिक शैलीचा साज नव्याने चढविण्यात आला, ही गोष्ट ध्यानात ठेवून शहर पाहावे.

चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोचे संगमरवरी ‘मॅडोना आणि बाळ’ आहे. त्याच्या हयातीत इटलीबाहेर गेलेल्या मोजक्या शिल्पांपैकी हे एक. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने आणि १९४४ मध्ये जर्मन सैनिकांनी ते पळविले. दुसऱ्या खेपेस ते ऑस्ट्रियातील आल्टाउसी येथील मिठाच्या खाणीत सापडले. समोरच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या जुन्या वास्तूत हान्स मेमलिंगची चित्रे आहेत, तर यान व्हान आयकचे १४३६ मधील प्रसिद्ध चित्र ग्रूनिंग संग्रहालयाकडे आहे. १२४५ मध्ये स्थापन झालेल्या बेगिनाजच्या पांढऱ्या घरांत एके काळी संन्यासाची कायम शपथ न घेता धार्मिक जीवन जगणाऱ्या स्त्रिया राहत. आता तेथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात. म्हणून आवारात शांतता पाळणे अपेक्षित असते.

एके काळी व्यापाऱ्यांवाचून ओस पडलेल्या या शहरापुढे आज गर्दीचा प्रश्न आहे. जुन्या भागात सुमारे २० हजार लोक राहतात, तर वर्षाकाठी येणाऱ्या पर्यटकांची संख्या कित्येक लाखांत जाते. त्यांतील बहुतेक सकाळी येऊन सायंकाळी परततात. २०१९ मध्ये नगर प्रशासनाने एका दिवसाच्या सहलींची जाहिरात थांबविण्याचे आणि क्रूझ जहाजांवर मर्यादा घालण्याचे धोरण जाहीर केले. त्यापूर्वी २०१६ मध्ये एका जुन्या बिअर कारखान्याने अरुंद रस्त्यांवरील टँकरची वाहतूक टाळण्यासाठी बाटल्या भरण्याच्या केंद्रापर्यंत सुमारे तीन किलोमीटरची भूमिगत वाहिनी टाकली.

म्हणूनच शक्य असल्यास येथे एक रात्र मुक्काम करावा. सायंकाळी गर्दी ओसरल्यावर कालव्यांचे काठ मोकळे होतात. सकाळी सेंट ॲना या निवांत वस्तीतून तटावरील पवनचक्क्यांपर्यंत चालत जावे. तेथील १७७० ची चक्की आजही धान्य दळते. खिडक्यांतील कुंड्या, दाराशी टेकविलेल्या सायकली, शाळकरी मुलांची लगबग पाहताना कळते, की ब्रुज हे संग्रहालय नसून लोकांचे राहते गाव आहे. गाळाने राखलेले हे गाव आता पर्यटकांच्या ओघातही राहते उरावे, यासाठी तेथील रहिवाशांची धडपड चालू आहे.