स्वामिनीचे आसन आणि स्वामिनीचा स्वर

तौलनिक साहित्याच्या अभ्यासात ‘दरबारी प्रेम’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, ती मध्ययुगीन कवींचीच असावी असा समज सहज होतो. वस्तुतः तिला प्रतिष्ठा लाभली ती १८८३ साली. क्रेतियाँ द त्र्वा याच्या लान्सलॉटविषयक काव्याची चिकित्सा करताना गास्तों पारिस या फ्रेंच पंडिताने ती योजिली. पुढे १९३६ मध्ये सी. एस. लुईस यांनी नम्रता, शिष्टाचार, परकीया-प्रीती आणि प्रेमाचा धर्म अशी तिची चार लक्षणे सांगितली. एका काव्याच्या विवेचनातून पुढे आलेली संज्ञा अशा रीतीने एका संपूर्ण युगाच्या भावविश्वाचे नाव ठरली.

बाराव्या शतकातील दक्षिण फ्रान्सचे ऑक्सितान कवी, म्हणजे त्रुबादूर, आपल्या प्रेमाला प्रायः ‘फिनामोर’, अर्थात परिष्कृत प्रेम, म्हणत. या प्रेमाची भाषा मात्र सरंजामी सेवेची होती. प्रियकर सेवक, प्रिया धनीण. तिची कृपा हे वेतन आणि तिच्या आज्ञेचे पालन ही निष्ठा. तिला उद्देशून हे कवी ‘मिदोन्स’ असे संबोधन वापरीत. त्याचे मूळ ‘माझा स्वामी’ या अर्थाच्या लॅटिन पुल्लिंगी शब्दांत आहे. स्त्रीला सर्वोच्च आसन मिळाले, परंतु ते पुरुष-स्वामीचे होते. त्या आसनावरून ती क्वचितच बोलते. ती द्रवली की निष्ठुर झाली, हेही आपणांस कवीच्या मुखातूनच कळते.

याच परंपरेत सुमारे वीस स्त्री-कवींची नावे उपलब्ध आहेत. त्यांना ‘त्रोबाइरित्झ’ म्हणतात. त्यांपैकी दियाची काउंटेस हिच्या नावावर चार गीते असून त्यांतील एक स्वरलिपीसह टिकले आहे. स्त्री-कवीच्या गीताचे स्वरलिपीसह उरलेले हे एकमेव उदाहरण होय. या गीतात ती प्रियकराच्या गर्विष्ठपणाबद्दल त्याला जाब विचारते. आपले कुल, रूप, गुण व एकनिष्ठा यांचा दाखला देते. येथे प्रिया ही कृपा वाटणारी मूर्ती राहत नाही. ती दुखावलेली, युक्तिवाद करणारी व्यक्ती होते आणि समोरच्याला ‘मित्र’ म्हणते. ‘दरबारी प्रेमा’च्या प्रचलित व्याख्येत हा स्वर बसत नाही, कारण ती व्याख्या करताना तो विचारातच घेतला गेला नव्हता.

प्रबोधनकाळात आसन आणि स्वर यांतील हे अंतर नव्या रूपात दिसते. बाल्दास्सारे कास्तिल्योने याचा ‘दरबारी’ हा संवादग्रंथ १५२८ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. त्यातील संभाषणे १५०७ सालच्या उर्बिनोच्या दरबारात घडतात. ड्यूक आजारी असल्याने सभेचे अध्यक्षस्थान डचेस एलिझाबेत्ता गोन्झागा हिच्याकडे आहे. एमिलिया पिया संभाषणाचा खेळ चालविते, वक्त्यांना अडविते, त्यांची थट्टाही करते. तथापि तिसऱ्या भागात आदर्श दरबारी स्त्री कशी असावी हे ठरवितात ते पुरुषच. चौथ्या भागात प्रेमाचे प्लेटोप्रणीत तत्त्वज्ञान मांडतो तोही बेम्बोच. सभा स्त्रीची, सिद्धान्त मात्र पुरुषांचा.

मराठीत अनुवाद करताना ‘दरबारी’ हे विशेषण आपल्याबरोबर मानमरातब, मुजरे आणि खुशामत यांच्या छटा घेऊन येते. फिनामोरमधील आत्मसंस्काराचा अर्थ त्याखाली झाकला जाण्याचा धोका असतो. ब्रजभाषेतील रीतिकाव्याशी तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच लक्षणांची यादी जुळविण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : या काव्यात कोण बोलतो, कोणाच्या आश्रयाने बोलतो आणि ज्या व्यक्तीचे स्तवन होते तिला स्वतःचा स्वर आहे काय? दियाच्या काउंटेसचे गीत त्रुबादूरांच्या शेजारी ठेवून वाचले की या प्रश्नाची निकड लक्षात येते. तो न विचारता केलेल्या तुलनेत दोन साहित्यांऐवजी एकोणिसाव्या शतकातील एक संज्ञा आणि तिचे प्रतिबिंब एवढेच समोरासमोर उभे राहील.