ग्रेफेनबर्गचा जलवैद्य

वैद्यकाच्या इतिहासांत थंड पाण्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. ज्वर आलेल्या मनुष्यास बंद खोलींत जाड पांघरुणाखालीं ठेवावें, त्याला वारा लागूं देऊं नये, अशी युरोपांत जुनी रीत होती. लिव्हरपूलचे डॉक्टर जेम्स करी यांनीं ती मोडली. ज्वराच्या रोग्यांवर थंड खारें पाणी ओतून व उष्णतामापक यंत्रानें शरीराचें तपमान मोजून त्यांनीं आपले अनुभव १७९७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. परंतु पाण्याला लोकमान्यता मिळवून दिली ती कोणा पंडितानें नव्हे, एका शेतकऱ्यानें!

व्हिन्सेंझ प्रीसनिट्झ याचा जन्म १७९९ सालीं ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतांतील ग्रेफेनबर्ग या डोंगरी खेड्यांत झाला. हा प्रदेश आतां चेक प्रजासत्ताकांत मोडतो. ऐन तारुण्यांत अपघात होऊन त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हां ओल्या पट्ट्या बांधून त्यानें स्वतःच स्वतःला बरें केलें. मग शेजारीपाजारी येऊं लागले आणि त्यांच्यामागून दूरदूरचे लोक. रोग्यास ओल्या चादरींत गुंडाळून वरून कांबळीं लपेटावयाचीं, घाम आला कीं थंड पाण्याच्या हौदांत बुडवावयाचें, आणि उंचावरून पडणाऱ्या धारेखालीं उभें करावयाचें, अशी त्याची पद्धत होती. जोडीला साधें अन्न व डोंगरांतील चालणें असे, मद्य वर्ज्य. वैद्यमंडळींनीं त्याच्यावर भोंदूपणाचा आरोप केला. त्याच्या स्पंजांत जादू असावी, अशीहि शंका घेण्यांत आली! स्पंजांत पाण्यावांचून कांहीं सांपडलें नाहीं. पुढें व्हिएन्नाच्या सरकारनें चौकशी करून त्याच्या उपचारगृहास मान्यता दिली. सरदार व राजघराण्यांतील माणसें तेथें रांगेनें येऊं लागलीं.

१८४२ सालीं ही लाट इंग्लंडांतील माल्व्हर्न गांवीं पोंचली. डॉक्टर विल्सन व डॉक्टर गली यांनीं तेथें जलोपचार सुरू केले. सततच्या अस्वास्थ्यानें गांजलेले चार्लस् डार्विन १८४९ सालीं सहकुटुंब माल्व्हर्नला गेले आणि त्यांना बराच आराम वाटला. त्याच विश्वासानें १८५१ सालीं त्यांनीं आपली दहा वर्षांची लाडकी कन्या अ‍ॅनी हिला तेथें नेलें. ती परत आली नाहीं. तिला क्षय असावा, असें आज मानतात. क्षयावर पाण्याचा इलाज चालत नाहीं. एकाच उपायानें सर्व रोग जातात, या समजुतीची मर्यादा त्या एका घरानें अशी जाणली.

तथापि पाणी निरर्थक ठरलें नाहीं. स्टेटिन येथील डॉक्टर अर्न्स्ट ब्रांड यांनीं १८६१ सालीं विषमज्वरावर थंड स्नानाची नियमबद्ध पद्धत मांडली, व औषध नसलेल्या त्या काळांत मोठमोठ्या इस्पितळांनीं ती स्वीकारली. लाइपझिगच्या लुई कुने याची कटिस्नानें तर समुद्रापार गेलीं. १९०२ च्या सुमारास मुंबईंत गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांना विषमज्वरानें घेरलें. डॉक्टरांनीं अंडीं व कोंबडीचें सूप सुचविलें. गांधीजींनीं तें नाकारून कुनेचीं कटिस्नानें दिलीं. ताप १०४ अंशांवर गेला, तेव्हां मुलाला ओल्या चादरींत लपेटून ते चौपाटीकडे निघून गेले. मनांत रामनाम चाललें होतें. परत येऊन पाहतात तों घाम फुटलेला! मुलगा वांचला. मात्र हें श्रेय ईश्वरकृपेचें, पाण्याचें कीं पथ्याचें, हें कोण सांगणार, असें त्यांनीं आत्मचरित्रांत प्रांजळपणें म्हटलें आहे. पुढें १९४६ सालीं पुण्याजवळील उरुळीकांचन येथें त्यांनीं निसर्गोपचाराचें केंद्र उभें केलें.

आज विषमज्वरावर जंतुनाशक औषधें आहेत. तेथें ब्रांडच्या स्नानाचें काम संपलें. पण कडक उन्हांत श्रम करतांना उष्माघात झालेल्यास त्वरित थंड पाण्यांत बुडविणें हा उपाय वैद्यक आजहि अग्रगण्य मानतें. उलट, अंगवळणीं नसलेल्यानें थंडगार पाण्यांत एकाएकीं उडी घेतली तर त्याचा श्वास आंवरेनासा होतो, रक्तदाब चढतो, आणि दुबळ्या हृदयास तें घातक ठरूं शकतें. करींनीं पाण्याबरोबर उष्णतामापकहि हातीं घेतला होता. त्यांच्यामागून आलेल्या अनेकांनीं पाणी तेवढें उचललें. मापक मात्र मागें राहिला.