शंकरपटाचे धुरकरी

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गणेशोत्सवाविषयी, नाट्यप्रयोगांविषयी व इस्पात कारखान्याविषयी लेख असणे स्वाभाविकच आहे. आम्ही मात्र वाचकांस कारखान्याच्याही आधीच्या काळाकडे नेऊ इच्छितो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग, भंडारा, नागपूर व चांदा हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि विदर्भातील अनेक कुटुंबे चाकरीनिमित्त इकडे आली. ती आपली भाषा व आपले सण घेऊन आली. परंतु एक गोष्ट त्यांना मागेच ठेवावी लागली. ती म्हणजे गावचा शंकरपट.

शंकरपट म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाड्यांचे घाट आहेत, सांगली-साताऱ्याकडे छकड्यांच्या शर्यती आहेत. पण विदर्भाच्या पटाचे रूप स्वतंत्र आहे. पिके घरात आली, शिवारे मोकळी झाली, की पट भरतो. धावपट्टीला दाण म्हणतात. कोठे दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींवरून एकदम सोडतात, तर कोठे एकेक जोडी सोडून तिला लागलेला वेळ घड्याळावर मोजतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट दूरवर प्रसिद्ध असून तेथे स्त्रियांनीही गाडी हाकली आहे. पूर्वेकडील झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोडच असे. पाहुणे पटाला म्हणून येत आणि नाटक पाहून पहाटे परतत.

या शर्यतीत नावाजलेला बैल म्हणजे गवळाऊ. हे पांढरे, सडसडीत व चपळ जनावर मूळचे वर्धा परिसराचे. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट व आपल्या दुर्ग-राजनांदगावच्या मुलखातही ते आढळते. मराठ्यांच्या सैन्याची सामग्री वेगाने वाहून नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे पशुतज्ज्ञ मानतात.

बैलांचे गुण सर्वांना दिसतात. गाडीच्या धुरेवर बसणाऱ्या धुरकऱ्याचे गुण मात्र जाणत्यालाच दिसतात. पटाची गाडी अगदी हलकी. तिला ना लगाम, ना थांबवण्याचे यंत्र. धुरकऱ्याच्या हाती असतो तो केवळ कासरा. जोडीतील दोन बैल कधीच सारखे नसतात. एक उसळून सुटतो, दुसरा सावकाश वेग धरतो. पहिल्याला मोकळे सोडले तर जू तिरपे होते आणि गाडी दाण सोडून प्रेक्षकांत शिरते. त्याला फार आवळले तर दोघांचाही वेग मरतो. हा तोल काही क्षणांत साधायचा, तोही चाके दगडावरून उडत असताना. पडला तर हातपाय मोडण्याची, प्रसंगी जिवावर बेतण्याची भीती.

म्हणूनच धुरकऱ्याचा स्वभाव दाणीवर उघडा पडे. कोणी आरोळ्यांनी सारे मैदान दणाणून सोडी, तर कोणी ओठ मिटून केवळ कासऱ्याच्या हिसक्याने जोडीशी बोले. कोणी तुतारीची आर टोचून वेग काढी. कोणी तुतारी हाती असूनही ती वापरणे कमीपणाचे मानी. दोघेही पट जिंकू शकत. तथापि पहिल्याची जोडी लवकर थके आणि दुसऱ्याची अनेक हंगाम धावे, हे जाणते शेतकरी ओळखून असत.

मोटार शर्यतींच्या इतिहासातही चालकाची अशीच पारख झालेली आहे. 1956 मध्ये इटलीतील मोंझा येथे हुआन मान्युएल फांजिओची गाडी बिघडली, तेव्हा पीटर कॉलिन्स या 24 वर्षांच्या तरुणाने स्वतःची चालती गाडी त्याच्या स्वाधीन केली. कॉलिन्सचीही जगज्जेतेपदाची आशा तेव्हा शिल्लक होती. ते पद फांजिओस मिळाले. 1958 मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीत माइक हॉथॉर्नला पंच बाद ठरवू पाहत होते, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस यानेच त्याच्या बाजूने साक्ष दिली. वर्षअखेर हॉथॉर्नचे 42 गुण झाले व मॉसचे 41. एका गुणाने गेलेले जगज्जेतेपद मॉसला पुढे कधीच लाभले नाही. पण त्या साक्षीमुळे त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

ही नावे आपणांस ठाऊक आहेत, कारण ती कोणीतरी लिहून ठेवली. आमच्या धुरकऱ्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. पटाचे बक्षीस पुकारले जाई ते मालकाच्या व गावाच्या नावाने. बैलांची नावे पोरासोरांच्या तोंडी असत. धुरकरी बहुधा दुसऱ्याची जोडी हाकणारा गरीब माणूस. गुलाल उधळून झाला की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर जाई. त्याचे कसब पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिले, कागदावर उतरले नाही.

या खेळाची दुसरी बाजू झाकणे योग्य होणार नाही. आर टोचणे, शेपटी पिरगाळणे हे प्रकार सर्रास घडत आणि मुक्या जनावराला त्याचा जाच होई. 2011 मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलांच्या खेळांवर निर्बंध आले; 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. त्याची झळ झाडीपट्टीच्या नाटकांनाही लागली, कारण पटाची गर्दी हाच त्यांचा प्रेक्षकवर्ग होता. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. आता बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असून काठी, चाबूक व टोचणी यांस मनाई आहे. म्हणजे जे काही धुरकरी आपल्या स्वभावानेच पाळीत होते, ते आज सर्वांसाठी नियम झाले आहे. त्या जुन्या, अबोल धुरकऱ्यांचा याहून मोठा गौरव आम्हांस दुसरा दिसत नाही.

मंडळाच्या सभासदांत असे वडीलधारे अजून आहेत, ज्यांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर वा गडचिरोलीकडील पट लहानपणी पाहिले. एखाद्याच्या घरातलाच कोणी धुरेवर बसलेला असेल. आमची विनंती एवढीच की, त्यांनी त्या धुरकऱ्याचे नाव, गाव, त्याची जोडी आणि त्याची हाकण्याची रीत लिहून मंडळाच्या वाचनालयात द्यावी. चार ओळी पुरेत. आणि घरातील तरुणांनी आजी-आजोबांस विचारून त्या लिहून घ्याव्यात. बैलांची नावे आजवर आपण जपली. आता त्यांना हाकणाऱ्या माणसांचीही जपू या.